शाळेतले ग्रंथालय आणि गाव : बडोदे संस्थानाचा अनुभव (१९०६-१९४९)

बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र मोफत व सक्तीचे झाले. त्यापूर्वी १८९३ पासून अमरेली तालुक्यात हा प्रयोग चालूच होता. प्रयोगाची व्याप्ती वाढली तसा शिक्षण खात्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. मूल चार-पाच इयत्ता शिकून शाळा सोडी, शेतात किंवा दुकानात कामाला लागे आणि दोन-तीन वर्षांत अक्षरे विसरून जाई. याचा दोष मुलाला देता येत नव्हता. त्याच्या घरी वाचायला होते काय? हिंदू घरात पंचांग आणि एखादी पोथी, मुसलमान घरात कुरआन शरीफ आणि एखादे दुआंचे पुस्तक. यातले काहीही त्याला शाळेत शिकवलेल्या भाषेत रोज वाचण्याजोगे नव्हते. शाळेवर केलेला खर्च असा पाण्यात जाऊ नये, शाळा सुटल्यावरही वाचन सुटू नये, या व्यावहारिक गरजेतून बडोद्याची ग्रंथालय चळवळ वाढली. तिचा इतिहास सांगताना मध्यवर्ती ग्रंथालयाचे वर्णन पुष्कळ होते. परंतु या चळवळीचा खरा पाया खेड्यातल्या शाळेच्या खोलीत होता आणि तिचा भार तिथल्या मास्तरांच्या खांद्यावर होता. महाविद्यालयीन अध्यापकांनी या इतिहासाकडे पाहावे ते मुख्यतः याच बाजूने.

सयाजीराव गायकवाड (१८६३-१९३९) हे स्वतः उशिरा शिकू लागलेले गृहस्थ होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, दत्तक म्हणून बडोद्याला आला, तेव्हा त्याचा औपचारिक विद्याभ्यास जवळजवळ शून्य होता. १८८१ अखेर त्यांना राज्याधिकार मिळाले. अशा माणसाला अक्षरओळख आणि वाचनाची सवय यांतले अंतर पुस्तकातून समजावून सांगावे लागत नाही. १९०६ च्या अमेरिका प्रवासात त्यांनी तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० मध्ये न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना त्यांनी संस्थानच्या ग्रंथालयांचे संचालक म्हणून बोलावले. बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यात होते. तीन वर्षांत त्यांनी ग्रंथालय खाते उभे केले, राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथांच्या संग्रहाभोवती मध्यवर्ती ग्रंथालय रचले, १९११ साली ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला आणि कपाटांची कुलुपे काढली. वाचकाने स्वतः मांडणीपाशी जाऊन पुस्तक हाताळावे, चाळावे, नको असल्यास परत ठेवावे, ही गोष्ट त्या काळच्या हिंदुस्थानात नवी होती. लाहोरला पंजाब विद्यापीठात असा प्रशिक्षणवर्ग निघाला तो १९१५ मध्ये, म्हणजे बडोद्यानंतर चार वर्षांनी.

बॉर्डन यांचे नाव सर्वत्र घेतले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र ते बडोद्यात उतरले त्या वेळी खेड्यांत वाचनालये अगोदरच निघू लागली होती, आणि ती काढणारा माणूस शाळामास्तर होता. मोतीभाई नरसिंहभाई अमीन (१८७३-१९३९) हे चरोतरातील वसो गावचे. विद्यार्थिदशेतच त्यांनी गावातल्या मुलांची मंडळी जमवून वाचनाचा उद्योग सुरू केला होता. पुढे ते मुख्याध्यापक झाले आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी 'मित्रमंडळ' या नावाने वाचनालयांची साखळी बांधायला घेतली. योजना अगदी साधी होती. गावातल्या चार शिकलेल्या माणसांनी एकत्र यायचे, थोडी वर्गणी काढायची, वर्तमानपत्रे व मासिके मागवायची, ती एका जागी ठेवायची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायची. जागा बहुधा शाळेची, आणि सांभाळणारा बहुधा शिक्षक. सरकारी खाते निघण्यापूर्वीची ही व्यवस्था पूर्णपणे खुशीची होती. १९१० मध्ये संस्थानाने मोतीभाईंना ग्रामग्रंथालयांच्या कामासाठी सहायक अधिकारी नेमले, म्हणजे जे काम मास्तर आपल्या हौसेने करीत होता तेच आता खात्याचे धोरण झाले. बॉर्डन यांच्याकडे शास्त्र होते. गावात कोणाच्या ओट्यावर बसले म्हणजे वर्गणी निघते, हे मात्र मोतीभाईंनाच ठाऊक होते.

मोतीभाईंच्या पुस्तकांविषयी एक प्रसंग गुजरातच्या शिक्षणक्षेत्रात सर्वश्रुत आहे. काठेवाडातील वकील गिजुभाई बधेका आपल्या मुलाच्या शिक्षणाची चौकशी करीत वसोला मोतीभाईंकडे आले. मोतीभाईंनी उपदेश केला नाही, त्यांच्या हाती मॉन्टेसरी पद्धतीवरचे एक पुस्तक ठेवले. त्या वाचनातून गिजुभाई वकिलीकडून बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उभे राहिले. त्यांचे 'दिवास्वप्न' मराठी शिक्षकांच्याही परिचयाचे आहे. येणाऱ्या माणसाची अडचण ऐकून घेऊन नेमके पुस्तक काढून देणे, हे ग्रंथपालाचे सर्वात अवघड काम. ते करणारा मनुष्य पदवीने मुख्याध्यापक होता, ही गोष्ट विसरू नये.

आता या व्यवस्थेचा पैसा कुठून येत होता ते पाहू. बडोद्याची अनुदानपद्धती तीन समान वाट्यांची होती. गावाने वर्गणीतून एक वाटा उभा करायचा, तेवढाच पंचायतीने म्हणजे स्थानिक मंडळाने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. खेड्यासाठी या प्रत्येक वाट्याची वार्षिक मर्यादा १०० रुपये, तालुक्याच्या गावासाठी ३०० रुपये आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० रुपये होती. इमारत बांधायची झाल्यास तिच्या खर्चाचीही अशीच वाटणी होई. सरकारने सगळा खर्च केला तर गावाला ते सरकारी ठाणे वाटते आणि सगळा खर्च गावावर टाकला तर ग्रंथालय निघतच नाही, या दोन्ही टोकांमधून काढलेली ही वाट होती. हिशेबाच्या दृष्टीने ती चोख म्हणावी लागेल. पहिला रुपया गावाचा निघाल्याशिवाय दुसरा आणि तिसरा येत नव्हता. त्यामुळे गावात कोणीतरी दारोदार फिरून तो पहिला रुपया जमवणे भाग होते.

तो कोणीतरी म्हणजे बहुधा शाळामास्तर. वर्गणीची वही त्याच्याकडे, पुस्तकांची नोंद त्याच्याकडे, किल्लीही त्याच्याकडेच. ग्रामग्रंथपालांसाठी खात्याने अल्पमुदतीचे वर्ग घेतले, त्यांत या मास्तरांना पुस्तकांवर क्रमांक घालणे, देवघेवीची नोंद ठेवणे, वाचकाला काय द्यावे हे ठरवणे अशा गोष्टी शिकवल्या जात. शाळा सुटल्यावर तासभर ग्रंथालय उघडायचे आणि त्या तासाचे वेतन बहुतेक ठिकाणी नव्हते. मित्रमंडळाच्या काळात ही सेवा होती. खात्याच्या काळात ती अर्धी सेवा आणि अर्धी कामगिरी झाली. ज्या शिक्षकाचा दिपोटी त्याच खात्याला उत्तर देणारा होता, त्याने 'खुशीने' केलेल्या कामाला कितपत खुशीचे म्हणावे? शिक्षकांवर आजही जनगणनेपासून मतदार याद्यांपर्यंत कामे पडतात. त्यांच्या वाचकाला हा प्रश्न जुना वाटणार नाही. तरीही एक फरक नोंदवला पाहिजे. याद्यांच्या कामातून शाळेला काही परत मिळत नाही. ग्रंथालयाच्या कामातून मास्तरांच्या शाळेला पुस्तके मिळत होती, मोठ्या मुलांना देवघेवीचे, वाचून दाखवण्याचे, मांडणी नीट ठेवण्याचे काम मिळत होते, आणि मास्तरांना गावात एक स्थान मिळत होते. हे स्थान पगारात मोजता येत नसले तरी त्या काळच्या खेड्यात ते कमी मोलाचे नव्हते.

स्वयंसेवेचा हा धडा शाळा-महाविद्यालयांतून देण्याची कल्पना एकट्या बडोद्याची नव्हती. अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात १८९० साली साहिबजादा आफताब अहमद खाँ यांनी 'अंजुमन अल-फर्ज' म्हणजे ड्यूटी सोसायटी काढली होती. तिचे सभासद विद्यार्थी सुट्टीत गावोगाव फिरून गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी निधी गोळा करीत. अलीगढचा विद्यार्थी वर्गणी आणे ती महाविद्यालयासाठी, बडोद्याचा मास्तर वर्गणी आणे ती गावासाठी. पहिल्यात संस्थेविषयीची निष्ठा वाढली, दुसऱ्यात गावाशी संबंध वाढला. दोन्हींची गरज होती. परंतु आपल्याकडील तालीमी अंजुमनांनी पुढे मुख्यतः अलीगढचाच कित्ता गिरवला. शाळेसाठी समाजाकडून घेणे त्यांना चांगले जमले. शाळेचे दार मोहल्ल्यासाठी उघडणे मात्र अनेक ठिकाणी राहूनच गेले.

ज्या गावात वर्गणी निघत नव्हती किंवा वस्तीच लहान होती, तिथे पेट्या जात. १९११ पासून सुरू झालेल्या फिरत्या ग्रंथालयाची पेटी म्हणजे साधारण पंधरा ते तीस पुस्तके मावतील अशी मजबूत लाकडी पेटी. ती मागणाऱ्या गावाला, शाळेला किंवा मंडळाला दोन-तीन महिन्यांसाठी विनामूल्य मिळे, जाण्यायेण्याचे भाडेही खातेच भरी. मुदत संपली की ती परत जाई आणि दुसरी येई. शाळेच्या दृष्टीने या पेटीचे महत्त्व फार होते. खेड्यातल्या शाळेच्या कपाटात असलेली वीस पुस्तके मुले एका वर्षात वाचून संपवतात आणि नंतर कपाट उघडायचे कारणच उरत नाही. शाळेतले ग्रंथालय मरते ते बहुतेक वेळा असे, पुस्तके नसल्यामुळे कमी आणि तीच ती असल्यामुळे जास्त. पेटी फिरती असल्याने लहान गावालाही काही महिन्यांनी नवे काही वाचायला मिळत राही.

ग्रंथालय म्हणजे केवळ पुस्तके, ही समजूतही बडोद्याने लवकर सोडली. १९१२ च्या सुमारास खात्याने दृश्यशिक्षणाची शाखा काढली. तिच्याकडे चलच्चित्रांचे यंत्र होते, मॅजिक लँटर्न म्हणजे जादूचे दिवे होते आणि दोन डोळ्यांनी पाहण्याची स्टिरिओस्कोपची चित्रे होती. ही मंडळी गावोगाव जाऊन आरोग्य, शेती, भूगोल, इतर देशांचे जीवन अशा विषयांवर मोफत खेळ दाखवीत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत १९१३ च्या मे महिन्यात लागला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळी खेड्यात पडद्यावर हलणारे चित्र दाखवणे किती धाडसाचे होते ते कळते. (फाळके स्वतः बडोद्याच्याच कलाभवनात शिकलेले.) अक्षर न येणाऱ्या बाईलाही आणि शाळेत न गेलेल्या मजुरालाही ग्रंथालय खात्याची ओळख झाली ती या खेळांतून. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता, त्याला जोडून खेळघर होते. मुलांनी आधी खेळायला यावे, मग चित्रे पाहावीत आणि तिथून पुस्तकाकडे जावे, असा हा क्रम. शांत बसण्याची शिक्षा म्हणून ग्रंथालयाचा तास घेणाऱ्या शाळा आजही आहेत. त्यांनी हा क्रम पाहावा. स्त्रियांसाठीही स्वतंत्र विभाग होता. पडदा पाळणाऱ्या घरांतून बाहेर पडणे अवघड असलेल्या हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांतील वाचकांना त्याशिवाय ग्रंथालयाचा उपयोग नव्हता.

शाळा आणि कला यांचे नाते बडोद्यात त्याआधीच जुळले होते आणि ते जुळवणारे उस्ताद मौलाबक्ष होते. १८८६ साली त्यांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा निघाली. घराण्याच्या बाहेर विद्या जाऊ न देण्याच्या काळात त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, गायनाची क्रमिक पुस्तके लिहिली आणि संगीत वर्गात शिकवण्याजोगे केले. गुरूच्या कंठातले ज्ञान कागदावर आणून कोणाही विद्यार्थ्याच्या हाती देणे, या कामाचे तत्त्व ग्रंथालयाहून वेगळे नव्हते. सूफी विचार पाश्चात्त्य देशांत नेणारे हजरत इनायत खाँ हे मौलाबक्षांचे नातू. त्यांचा जन्म १८८२ मध्ये बडोद्यातच झाला आणि आजोबांच्याच परंपरेत ते वाढले.

भाषेचा प्रश्न बडोद्यात नाजूक होता. राज्यकर्ते मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती, वरच्या कारभारात इंग्रजी, आणि शहरात व कसब्यांत उर्दू जाणणारा मुसलमान समाज. ग्रंथालय खात्याने यातल्या कोणालाच पूर्णपणे बाजूला ठेवले नाही. १९१२ पासून निघालेले 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. ग्रंथालयशास्त्रावर मराठीत नियमित लिहिले जाऊ लागले ते अशा रीतीने महाराष्ट्राबाहेर. बॉर्डननंतर खात्याची धुरा वाहणारे जनार्दन सखाराम कुडाळकर मराठीच होते. त्यांचा चळवळीवरील इंग्रजी ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांच्यानंतर आलेल्या न्यूटन मोहन दत्त यांचा १९२८ मध्ये. 'श्री सयाजी साहित्यमाला' आणि 'श्री सयाजी बालज्ञानमाला' या मालांतून गुजराती व मराठी पुस्तके निघाली. दुसरी माला मुद्दाम मुलांसाठी व नवसाक्षरांसाठी होती. ग्रंथालये काढून भागत नाही, त्यांत ठेवायला त्या वाचकाच्या भाषेतले आणि त्याच्या वकुबाचे पुस्तकही लागते, हे या मालांमागचे शहाणपण. १९३१ मधील 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा आठ भाषांचा कोश याच दृष्टीचे फळ होय. त्यात कारभारातल्या शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली यांच्यासोबत उर्दू आणि फारसी पर्याय दिलेले आहेत.

इथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मराठीतली लिहिण्यावाचण्याची रोजची सामग्री ज्या शब्दांनी ओळखली जाते ते शब्द पाहावेत : कागद, शाई, दौत, जिल्द, तक्ता, किताब. मुलाच्या पाठीवरचे 'दप्तर' हे तर फारसीतले सरकारी कचेरीचे नाव. पेशव्यांच्या मोडी कागदांचे गठ्ठे ज्या 'रुमालां'त बांधले जात तो शब्दही फारसीच. उर्दूत ज्याला कुतुबखाना किंवा दारुल-मुताला म्हणतात त्याला मराठीने ग्रंथालय व वाचनालय ही संस्कृत नावे दिली, परंतु आतले सामान मात्र जुन्याच नावांनी राहिले. मराठी शाळेतील मुसलमान विद्यार्थ्याला हे सांगितले तर त्याला आपण परक्या घरात बसलो आहोत असे वाटणार नाही. उर्दू शाळेतील विद्यार्थ्याला सांगितले तर मराठीची धास्ती थोडी कमी होईल.

या सगळ्या चित्रात एक काळी बाजू आहे आणि ती झाकणे इतिहासाला शोभणार नाही. तीन वाट्यांची पद्धत चोख होती खरी, पण पहिला वाटा वर्गणीचा असल्यामुळे ज्या गावात पैसा, जमीन आणि संघटना होती तिथेच ती लवकर फळली. चरोतरात मोतीभाईंना यश आले त्यामागे त्यांची तळमळ होती, तशीच पाटीदार समाजाची सुस्थिती व परदेशगमनामुळे वाढलेली शिक्षणाची ओढही होती. विणकर, पिंजारी, तांबोळी, शेतमजूर यांच्या वस्तीतून वर्गणी कोण आणि किती काढणार? ग्रंथालय कायद्याने सर्वांना खुले होते. पण ते गावच्या शाळेत होते आणि गावची शाळा खरोखर सर्वांना खुली नव्हती. सयाजीरावांनी १८८० च्या दशकात अस्पृश्य मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढल्या, तेव्हा त्या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. आरंभी तिथे मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ पासून पंडित आत्माराम यांच्यासारखे आर्यसमाजी कार्यकर्ते या कामात आले. या पहिल्या मुसलमान मास्तरांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत. ज्या शाळेच्या उंबरठ्यावर पाय ठेवायला गावचा मास्तर धजत नव्हता तिथे बसून त्यांनी मुळाक्षरे गिरवून घेतली, ही गोष्ट मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या इतिहासात सहसा येत नाही, कारण त्या शाळा मुस्लिम नव्हत्या. ती यायला हवी. समाजाने दिलेले शिक्षण आपल्याच मुलांपुरते मोजण्याच्या सवयीमुळे ती बाहेर राहिली आहे.

संस्थानच्या मर्यादा किती खोल होत्या याचा पुरावा १९१७ सालचा आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते उतरले आणि जात कळताच तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू आणि मुसलमान, दोन्हींपैकी कोणाच्याही घरी आसरा मिळण्याची आशा राहिली नाही, असे त्यांनी पुढे नोंदवले आहे. अशी स्थिती ज्या शहराची होती त्याच शहरात त्या वेळी देशातले सर्वात खुले ग्रंथालय चालू होते. पुस्तकांच्या मांडणीला कुलूप नसले म्हणून शहराची दारे उघडी होतात असे नाही. मुसलमानांनीही हे वाक्य दुसऱ्यांकडे बोट दाखवून वाचू नये.

१९२० च्या दशकात मोतीभाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथालयांचे सहकारी मंडळ काढले. पुस्तके, नोंदवह्या, कपाटे या वस्तू एकत्र खरेदी करून ग्रामग्रंथालयांना स्वस्तात पुरवणे हे त्याचे काम. 'पुस्तकालय' हे गुजराती मासिकही त्यांच्याच प्रयत्नांचे. ग्रामग्रंथालयांची संख्या तोवर शेकड्यांत गेली होती. १९३९ च्या फेब्रुवारीत काही दिवसांच्या अंतराने मोतीभाई आणि सयाजीराव दोघेही गेले. मास्तर १ तारखेला, महाराज ६ तारखेला.

त्याच वर्षी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने ग्रंथालय विकासासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद असफ अली असगर फैजी यांना दिले. फैजी (१८९९-१९८१) माथेरानला जन्मलेले, सुलेमानी बोहरा घराण्यातले, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि इस्लामी कायद्याचे मोठे अभ्यासक. त्यांच्या नात्यातील तय्यबजी कुटुंबाचे अब्बास तय्यबजी बडोद्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यामुळे शेजारच्या संस्थानातील हा प्रयोग या घराण्याला अगदी परका नव्हता. १९४० च्या फैजी समितीच्या अहवालात मुंबईला मध्यवर्ती ग्रंथालय, पुणे, अहमदाबाद व धारवाड येथे विभागीय ग्रंथालये आणि त्यांच्याखाली जिल्हा, तालुका, गाव अशी सहा पायऱ्यांची उतरंड सुचवली होती. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, युद्ध आले आणि अहवाल बाजूला पडला. १९४६ नंतर तो पुन्हा हाती घेतला गेला. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकाचा मुंबई इलाख्यातला भाग, या तिन्ही ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयांचा आराखडा या अहवालातून आला. फैजींचे नाव आज विधी महाविद्यालयांत घेतले जाते, ग्रंथालयशास्त्राच्या वर्गातही क्वचित निघते, पण मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या स्मरणिकांत ते शोधूनही सापडत नाही.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. या सुमारास आणि पुढे राज्याराज्यांत कायदे झाले : मद्रास १९४८, हैदराबाद १९५५, म्हैसूर १९६५, महाराष्ट्र १९६७, गोवा १९९३. ज्या प्रदेशात हे सारे सुरू झाले त्या गुजरातेत कायदा यायला २००१ साल उजाडले. या कायद्यांनी ग्रंथालयांना अनुदान दिले, दर्जे ठरवले, नोंदणी आणली. पण बडोद्यातला एक धागा त्यांत तुटला. कायद्यांचा विषय सार्वजनिक ग्रंथालय हा होता. शाळेतले ग्रंथालय त्यांच्या कक्षेत आले नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील ग्रंथालय संचालनालयाकडे आणि शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, अशी वाटणी आहे. एकाच गल्लीत माध्यमिक शाळेचे कपाट आणि 'ड' वर्गाचे वाचनालय असते, दोहोंत काही पुस्तके तीच असतात, आणि एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या वाचकाला द्यायला कोणाच्याच नोंदवहीत रकाना नसतो. मोतीभाईंच्या मित्रमंडळाने ती वही आखली होती, कारण त्या वेळी शाळेचा मास्तर आणि गावाचा ग्रंथपाल हे एकच गृहस्थ होते.